आगीच्या कारणाचा अहवाल आणि त्यातले शब्द : कोल्हापुरात घेतलेल्या एका तपासणी सेवेचे परीक्षण

आमच्या जवाहरनगरातील चपलांच्या गोदामाला गेल्या वर्षी आग लागली, विमा कंपनीने दावा अडवून धरला आणि त्या वादात आम्ही पुण्याच्या एका खासगी आग-कारण तपासनिसांची सेवा घेतली. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. प्रकरण ग्राहक आयोगापुढे चालू असल्यामुळे तपासनिसांचे, विमा कंपनीचे किंवा आणखी कोणाचे नाव मी देत नाही. या सेवेतून आम्हांला ३८ पानांचा अहवाल, १४० छायाचित्रे आणि अहवालात वापरलेल्या शब्दांची सहा पानांची सूची मिळाली. अहवालाइतकीच ती सूचीही मला मोलाची वाटते, कारण आमचे भांडण आगीवरून कमी आणि शब्दांवरून जास्त झाले.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना ज्यांनी पाहिले, त्या कोल्हापूरकरांना आग काय काय घेऊन जाते हे सांगण्याची गरज नाही. मात्र आग विझल्यावर तिचे कारण कोण शोधतो, कसे शोधतो आणि पहिल्या दिवशी कोणीतरी सहज लिहिलेला एक शब्द पुढे वर्षभर कसा पाठ सोडत नाही, हे मला स्वतःच्या गोदामाची राख झाल्यावरच कळले.

गोदाम म्हणजे तळमजला आणि त्यावर लाकडी माळा. तळाशी चामडे, रबरी शीट आणि कागदी खोकी, माळ्यावर खोक्यांतला तयार माल आणि कोपऱ्यात सोल्युशनचे, म्हणजे चिकटवण्याच्या द्रवाचे, डबे. अस्सल हातशिवणीच्या कोल्हापुरीला सोल्युशन लागत नाही, पण रबरी तळ चिकटवलेला माल आम्ही करतो आणि त्याला ते लागतेच. संध्याकाळी साडेआठला बाबांनी देव्हाऱ्यात दिवाबत्ती केली आणि आम्ही शटर ओढले. अकराच्या सुमारास समोरच्या पानपट्टीवाल्यांचा फोन आला. अग्निशमन दलाच्या जवानांनी शटर कापून आत पाणी मारले, म्हणूनच शेजारची दोन घरे वाचली, आणि त्याबद्दल आमचे घर त्यांचे ऋणी आहे.

पोलिसांत ‘आकस्मिक जळीत’ अशी नोंद झाली, पंचनामा झाला आणि पहिल्या कागदावर ‘प्राथमिक अंदाज शॉर्टसर्किट’ असे आले. त्यानंतर विमा कंपनीने नेमलेले एक गृहस्थ येऊन गेले. ते जेमतेम तासभर थांबले. त्यांच्या टिपणात तीन गोष्टी होत्या. शटरजवळच्या भिंतीवर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची जळखूण आहे, म्हणजे आग तेथे लागली. जमिनीवर द्रव ओतल्यासारखे डाग आहेत. आणि घटनास्थळी ‘अ‍ॅक्सेलरंट’, म्हणजे आग लावायला किंवा भडकवायला वापरलेला पदार्थ, आढळले. या टिपणाच्या आधारे, आग मुद्दाम लावली असल्याचा संशय येतो, तरी खुलासा करावा, असे पत्र आम्हांला आले. बाबांनी ते पत्र दोनदा वाचले आणि घडी घालून खिशात ठेवले. त्यानंतर आठ दिवस ते दुकानात आले नाहीत.

आमच्या वकिलांनी तपासनिसांचे नाव सुचवले तेव्हा आगीला अकरा दिवस झाले होते. येथे आमच्याकडून घडलेली एक मोठी चूक सांगितली पाहिजे, कारण ती बहुतेक प्रत्येक आगीनंतर होते. तिसऱ्या दिवशी नातेवाईक आणि कामगार मिळून आम्ही अर्ध्याहून अधिक राडारोडा उचलला होता आणि जळक्या तांब्याच्या तारा भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकल्या होत्या. तपासनिसांनी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारला आणि उत्तर ऐकून ते क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी सांगितले, की आता झाडू लावायचा नाही, एक वस्तूही हलवायची नाही आणि भंगारवाल्याकडून जेवढे परत मिळेल तेवढे आणून, कोणी, कधी, कोठून आणले हे लिहून वेगळे ठेवायचे. सूचीतला पहिला शब्द आम्ही असा शिकलो. इंग्रजीत त्याला स्पॉलिएशन म्हणतात. वादात लागणारा पुरावा नष्ट होणे, बदलणे किंवा दुसऱ्या बाजूला तो पाहण्याची संधी न मिळणे, असा त्याचा अर्थ आहे. हेतू वाईट असण्याची अट त्यात नाही. आम्ही ज्याला साफसफाई समजत होतो, ती विमा कंपनीच्या वकिलांनी पुढे पुराव्याची विल्हेवाट म्हणून मांडली, आणि त्यावर आमच्याकडे उत्तर असे फारसे नव्हतेच.

तपासनीस सकाळी साडेसातला आले आणि अंधार पडल्यावर गेले. दुसऱ्या दिवशीही तसेच. त्यांनी येण्यापूर्वी विमा कंपनीला लेखी कळवले होते, त्यामुळे कंपनीचाही एक माणूस हजर होता. ही सूचना देणे हा कामाचाच भाग आहे, असे त्यांनी सांगितले, कारण एकतर्फी उघडलेला पुरावा पुढे दोन्ही बाजूंना निरुपयोगी होतो. आधी बाहेरून छायाचित्रे, मग आतून, मग कमी जळलेल्या बाजूकडून जास्त जळलेल्या बाजूकडे. जमिनीवर दोऱ्या बांधून त्यांनी चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीतील राख थराथराने, थापी आणि ब्रशने काढून चाळणीतून गाळली. कोणता थर वर आणि कोणता खाली, यावरून काय आधी पडले ते कळते. छताचे पत्रे आधी की माळ्याची फळी आधी, हे राखेतून वाचता येते, याची मला कल्पना नव्हती.

या कामाचा पाया म्हणून अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनची ‘एनएफपीए ९२१’ ही मार्गदर्शिका ते वापरतात. तिची पहिली आवृत्ती १९९२ साली निघाली आणि आगीच्या तपासाचे बहुतेक शब्द आज तिच्यातल्या अर्थानेच वापरले जातात. तिचा आग्रह एका क्रमावर आहे. आधी आग कोठे लागली ते ठरवा आणि मगच ती कशाने लागली ते पाहा. पहिल्याला सूचीत ‘उगमक्षेत्र’ म्हटले आहे आणि दुसऱ्याला ‘कारण’. कारण म्हणजेही एकच वस्तू नव्हे. प्रथम पेटलेली वस्तू, तिला पेटवण्याइतकी उष्णता देऊ शकणारा स्रोत आणि ती दोन्ही एकत्र येण्याची परिस्थिती, ही तिन्ही सांगता आली तरच कारण सांगितले असे मानतात. ‘शॉर्टसर्किटने आग लागली’ या वाक्यात यांपैकी फार तर एकच गोष्ट असते.

शॉर्टसर्किट या शब्दाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडे विजेच्या प्रत्येक बिघाडाला हाच शब्द लावण्याची सवय आहे. फेज आणि न्यूट्रल या दोन तारा थेट एकमेकींना चिकटल्या की प्रवाह एकदम प्रचंड वाढतो, ते शॉर्टसर्किट. त्यात एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढला की वीज तोडणारा खटका, बहुधा लगेच पडतो. एका तारेवर तिच्या कुवतीपेक्षा जास्त उपकरणे चालवली तर तो ओव्हरलोड. आणि सैल जोड ही तिसरीच गोष्ट आहे. बोर्डातला स्क्रू ढिला असेल किंवा तारा नुसत्या पिळून टेप लावलेली असेल, तर त्या जागी रोध वाढतो आणि जोड तापत राहतो. प्रवाह मात्र नेहमीइतकाच असतो, त्यामुळे एमसीबीला काही कळतच नाही आणि तो पडत नाही. आमच्या माळ्यावरच्या एक्स्टेन्शन बोर्डाचा जोड असाच होता, हे आमच्या वायरमनने नंतर मान्य केले.

हाच वायरमन पहिल्या दिवशी एक तार हातात घेऊन आनंदाने म्हणाला होता, ‘‘साहेब, हे बघा, तारंला मणी आलाय. म्हंजे शॉर्टसर्किटच की!’’ तपासनिसांनी ती तार भिंगाखाली धरून आम्हां दोघांना दाखवली. टोकाशी मोहरीपेक्षा थोडा मोठा, गोल, चकचकीत मणी होता आणि त्याच्या लगेच मागे तारेची जाडी व तिच्यावरच्या ओढलेल्या रेघा जशाच्या तशा होत्या; वितळलेला भाग जेथे संपतो ती सीमा नखाने दाखवता यावी इतकी स्पष्ट होती. शेजारची दुसरी तार निमुळती होत गेलेली, मेणबत्तीसारखी ओघळलेली होती. तांबे सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते. दुसरी तार आगीच्या उष्णतेने वितळली होती. पहिलीवर विजेची ठिणगी पडली होती, आणि ती ठिणगी क्षणभरच व अगदी एका ठिकाणीच असल्यामुळे मागचा भाग शाबूत राहिला. पण या मण्यावरून एवढेच सिद्ध होते, की ज्वाळा त्या तारेपर्यंत पोचल्या तेव्हा तिच्यात वीज चालू होती. ज्वाळांनी वेष्टन जाळले आणि मग तारा एकमेकींना चिकटल्या, असेही असू शकते; बहुतेक वेळा असेच असते. आग मण्यामुळे लागली की मणी आगीमुळे आला, हे मण्याकडे पाहून ठरत नाही. वायरमन बराच वेळ काही बोलला नाही.

मण्यांचा उपयोग वेगळ्या प्रकारे झाला. एकाच सर्किटवर कोठे कोठे ठिणग्या पडल्या याचा नकाशा काढला, तर पुरवठ्यापासून सर्वांत दूरची ठिणगी बहुधा आधीची असते, कारण तार अलीकडे तुटल्यावर पुढे वीजच जात नाही. आमच्या सर्किटवर ती जागा माळ्याच्या मागच्या बाजूला होती, शटरपासून बरीच लांब. या पद्धतीला मर्यादा आहेत आणि केवळ तिच्यावर विसंबून चालत नाही, हे त्यांनी अहवालातच लिहिले आहे. मला हा प्रामाणिकपणा आवडला, आणि भंगारात गेलेल्या तारा हाती असत्या तर हा नकाशा किती पक्का झाला असता, ही खंतही लागून राहिली.

मग शटरजवळच्या व्ही आकाराचे काय? येथे ‘फ्लॅशओव्हर’ हा शब्द समजून घ्यावा लागतो. बंद खोलीत आग वाढते तेव्हा तापलेला धूर छताखाली थर करून साचतो. त्या थराचे तापमान साधारण ५०० ते ६०० अंशांपर्यंत गेले की तो खालच्या सगळ्या वस्तूंवर इतकी उष्णता फेकतो, की ज्वाळा न पोचलेल्या वस्तूही जवळजवळ एकाच वेळी पेट घेतात. त्यानंतर कोठे किती जळेल हे आग कोठे सुरू झाली यावर ठरत नाही, तर हवा कोठून मिळते यावर ठरते. आग विझवण्यासाठी शटर कापणे अपरिहार्यच होते. पण कापताच हवा तेथून आत आली आणि सर्वांत जोरात जळले ते शटरजवळ. विमा कंपनीच्या गृहस्थांनी ज्याला उगम म्हटले, ती वाऱ्याची वाट होती.

जमिनीवरच्या डागांचेही तसेच. अहवालात यासाठी एका जुन्या प्रकरणाचा दाखला आहे. १९९० साली फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल शहरात लाईम स्ट्रीटवरील एका घरात आग लागून सहा जणांचा मृत्यू झाला आणि जमिनीवरच्या डागांवरून पेट्रोल ओतल्याचा आरोप घरातल्या माणसावर आला. सरकारी पक्षाच्याच तज्ज्ञांनी शेजारचे तसेच एक घर तशाच सामानाने सजवून, कोणताही द्रव न ओतता पेटवून पाहिले. साडेचार मिनिटांच्या आसपास फ्लॅशओव्हर झाला आणि जमिनीवर अगदी ‘ओतल्यासारखे’ डाग उमटले. आरोप मागे घेण्यात आला. काचेला पडलेल्या बारीक भेगा आणि काँक्रीटचे उडालेले कपचे यांनाही पूर्वी पेट्रोलचा पुरावा मानत असत. तापलेल्या काचेवर पाणी पडले तरी तशाच भेगा पडतात, हे प्रयोगांनी दाखवल्यावर ती समजूत मागे पडली. कोल्हापुरात अजून ती ऐकू येते.

आता ज्या शब्दाने बाबांची झोप उडवली त्याविषयी. ‘ज्वालाग्राही द्रव’ आणि ‘अ‍ॅक्सेलरंट’ हे एकच नव्हेत. पेट्रोल, रॉकेल, थिनर, आमचे सोल्युशन हे सगळे ज्वालाग्राही द्रव आहेत. त्यांतला एखादा कोणी जाणूनबुजून आग लावण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी वापरला, तरच तो अ‍ॅक्सेलरंट होतो. म्हणजे पहिला शब्द पदार्थाचा आहे आणि दुसरा हेतूचा. चपलेच्या गोदामात सोल्युशनचा अंश सापडणे यात नवल नाही. तो न सापडता तर नवल होते. तरीही एका वासावरून आणि एका शब्दावरून आमच्यावर गुन्ह्याची छाया आली. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये आगीने केलेल्या नुकसानीसाठी जी शिक्षा आहे ती पाहिली, की हा शब्द हलक्या हाताने लिहिण्याचा नाही, हे कोणालाही पटेल.

तपासनिसांनी डाग पडलेल्या जागेतून, उगमक्षेत्रातून आणि तिसरा न जळलेल्या कोपऱ्यातून, असे नमुने घेतले; शिवाय उरलेल्या डब्यातले सोल्युशन वेगळे घेतले. या शेवटच्या दोहोंना ‘तुलनात्मक नमुना’ म्हणतात. नमुने नव्या, कोऱ्या पत्र्याच्या डब्यांत भरून झाकणे ठोकून बसवली, कारण साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून बाष्प निघून जाते. प्रत्येक डब्यावर क्रमांक, वेळ, जागा आणि सह्या. पुढे तो डबा कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला याची नोंद असलेला कागद त्याच्याबरोबर फिरत राहिला. प्रयोगशाळेत गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून ओळखण्याच्या पद्धतींनी, तपासणी झाली. पेट्रोल सापडले नाही. जे विद्रावक सापडले ते आमच्याच डब्यातल्या सोल्युशनशी जुळले, आणि न जळलेल्या कोपऱ्यातही तेच होते. विमा कंपनीच्या टिपणात तुलनात्मक नमुनाच नव्हता.

चाचणीचा आणखी एक शब्द येथे नोंदवतो, कारण तो विकत घेताना कामाचा आहे. आम्ही वायरिंग करताना ‘एफआर’ तार घेतली होती आणि ती जळत नाही अशी आमची समजूत होती. एफआर म्हणजे ज्वाला सहज पसरू न देणारी. तिच्या चाचणीत वेष्टनाचा ऑक्सिजन निर्देशांक किमान २९ असावा लागतो, म्हणजे ते वेष्टन स्वतःहून जळत राहण्यासाठी भोवतालच्या वायूत निदान २९ टक्के ऑक्सिजन हवा. हवेत तो २१ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणून लहान ज्योत काढून घेतली की तार विझते. ही प्रयोगशाळेतील एका नमुन्याची कसोटी आहे. चारी बाजूंनी पेटलेल्या गोदामात तीच तार जळते. दुकानदार ‘फायरप्रूफ’ म्हणून जे देतात त्यावर कोणती कसोटी आणि किती मिनिटे, हे विचारावे.

बाबांशी झालेली मुलाखत हा या सेवेचा भाग मला विसरता येणार नाही. दिव्यामुळे आग लागली असेल ही भीती बाबांनी कोणाला बोलून दाखवली नव्हती, पण घरात ती सगळ्यांना माहीत होती. तपासनिसांनी त्यांच्याजवळ स्टूल ओढून घेतले आणि, ‘‘काका, रोज कसं करता ते सांगा, त्या दिवशीचं नंतर बोलू,’’ अशी सुरुवात केली. दिवा कोणता, तेल किती घालता, वात किती वेळ चालते, उदबत्ती कोठे लावता. पाऊण तासाने ते उठले, देव्हाऱ्याच्या राखेतून एक फळी काढली आणि उलटी करून बाबांच्या समोर धरली. वरची बाजू कोळसा झाली होती. खालची बाजू, ज्या बाजूला दिवा होता ती, पिवळसर लाकूड दिसावे इतकी कोरी होती. आग तेथे वरून आली होती. ‘‘काका, इथून नाही,’’ एवढेच ते म्हणाले. बाबांनी ती फळी हातात घेतली आणि बराच वेळ सोडली नाही.

निष्कर्षाच्या पानावर मात्र मला धक्का बसला. उगमक्षेत्र माळ्याची मागची बाजू, हे ठामपणे लिहिले होते. प्रथम पेटलेली वस्तू बहुधा कागदी खोकी. कारण अनिर्धारित. सैल जोड आणि कोणीतरी टाकलेले विडीचे थोटूक अशी दोन गृहीतके उरतात आणि उपलब्ध पुराव्यावरून त्यांतले एक निवडता येत नाही, असे स्पष्ट म्हटले होते. मी फोन करून रागाने बोललो. एवढे पैसे देऊन आम्ही ‘माहीत नाही’ हे विकत घेतले का, असे विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले, की बाकी सगळी कारणे वगळली म्हणून उरलेले एक खरे, असे म्हणणे हीच ती चूक आहे जी आपल्याविरुद्ध झाली. विजेचा पुरावा नाही म्हणून आग लावली, असे ते म्हणतात, तर लावल्याचा पुरावा नाही म्हणून वीज, असे आपण म्हणायचे नाही. या पद्धतीला ‘एनएफपीए ९२१’ ने २०११ च्या आवृत्तीत स्पष्ट नकार दिला आहे.

वकिलांनी मला दुसरी बाजू दाखवली. तज्ज्ञाचे मत पुराव्यात घेण्याची तरतूद पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ४५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये आहे. पण मत म्हणजे निकाल नव्हे. त्याची कारणे तपासली जातात, आणि पुराव्यापेक्षा एक पाऊल पुढे गेलेला अहवाल त्या पावलापाशीच कोसळतो. सर्वेक्षकाचा, म्हणजे नुकसान पाहायला विमा कंपनीने नेमलेल्या माणसाचा, अहवाल हा अखेरचा शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये प्रदीप कुमार प्रकरणात सांगितले आहेच. शिवाय २०२३ च्या मुदित रोडवेज प्रकरणात न्यायालयाने म्हटले, की आग शॉर्टसर्किटने लागली की आणखी कशाने, हे महत्त्वाचे नाही. विमाधारकाने ती लावलेली नसली म्हणजे झाले. आमच्या वादाला नेमके कारण लागतच नव्हते. आम्ही लावली नाही, एवढेच लागत होते, आणि ती बाजू अहवालाने भक्कम मांडली होती.

सेवेतील उणिवा सांगायलाच हव्यात. मराठी गोषवारा महिन्यात देण्याचे कबूल केले होते, तो तीन आठवडे उशिरा आला, आणि आला तेव्हा त्यातले काही शब्द कोणीतरी कोश उघडून बसवल्यासारखे होते. ‘चेन ऑफ कस्टडी’चे, म्हणजे नमुना कोणाच्या हातातून कोणाच्या हातात गेला त्या नोंदीचे, ‘कोठडीची साखळी’ केले होते. आपल्याकडे कोठडी म्हटले की पोलीस आठवतात. आम्ही ‘ताबासाखळी’ सुचवले. ‘पहिले इंधन’ असे लिहिले होते. मराठी वाचणारा माणूस इंधन म्हणजे पेट्रोल-डिझेल समजतो, आणि आमच्या प्रकरणात तो समज घातक ठरला असता, म्हणून तेथे ‘प्रथम पेटलेली वस्तू’ आले. सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती ‘अज्ञात कारण’ या शब्दांची होती. अज्ञात हा शब्द आपल्याला ‘अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा’ यातून परिचित आहे. तो वाचताच कोणीतरी लपले आहे असे वाटते. ‘अनिर्धारित’ म्हणजे तपास झाला, पुरावा तोलला, पण निवड करण्याइतका तो नव्हता. या सर्व दुरुस्त्या त्यांनी तक्रार न करता केल्या आणि सूची नव्याने छापून दिली, हे त्यांच्या बाजूने लिहिले पाहिजे.

खर्च प्रयोगशाळेसह १ लाख १० हजार रुपये आला. दोन भेटी, सात आठवड्यांत अहवाल. लहान टपरीला हा खर्च झेपणार नाही आणि साध्या, वाद नसलेल्या दाव्यात त्याची गरजही नाही. दावा मोठा असेल, मुद्दाम आग लावल्याचा संशय लेखी आला असेल किंवा शेजाऱ्याच्या नुकसानीचा प्रश्न असेल, तर मी ही सेवा निःशंकपणे घ्यायला सांगेन. मात्र अकराव्या दिवशी नव्हे, दुसऱ्या दिवशी.

अहवाल सादर झाल्यावर विमा कंपनीने मुद्दाम आग लावल्याचा मुद्दा सोडून दिला. आता वाद रकमेचा आणि आम्ही उचललेल्या राडारोड्याचा आहे, आणि त्यासाठी तक्रार आयोगापुढे आहे. विमा कंपनीने तपासनिसांसाठी लेखी प्रश्नावली दिली आहे आणि उत्तरांचे शुल्क तपासनिसांनी वेगळे मागितले. आमच्या करारात त्याचा उल्लेख नव्हता. साक्ष, प्रश्नावली आणि नमुन्यांचे डबे निकालापर्यंत सांभाळणे, या तिन्हींचा खर्च कोणाचा आणि किती, हे सही करण्यापूर्वी लिहून घ्यावे. आमच्या सातव्या क्रमांकाच्या डब्याचे झाकण अजून उघडलेले नाही. त्यातला नमुना, विमा कंपनीला स्वतःच्या प्रयोगशाळेत तपासायचा असेल तर, राखून ठेवला आहे.